स्लीप अप्निया निघाला, मशीनला अजून पाच आठवडे आहेत: तोवर काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतरांनाही समजावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. यजमान ४७ वर्षांचे, वजन ९८ किलो, बियाण्यांच्या कंपनीत फिरतीची नोकरी. जालन्याहून रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर गाडी स्वतः चालवतात. वर्षभरापासून ब्लड प्रेशरच्या दोन गोळ्या चालू आहेत. स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीत, एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा) ४२ आला, झोपेत ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरला. डॉक्टरांनी सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, सांगितलं, पण त्याआधी टायट्रेशनची, म्हणजे मशीनचा दाब ठरवायच्या रात्रीची, तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. विमा कंपनीने मशीनचा खर्च नाकारला. यजमान म्हणतात, "नळी लावून झोपायचं म्हणजे म्हातारा झालो." आणि रिपोर्ट आल्यापासून तुम्ही रोज रात्री जागून त्यांचा श्वास मोजताय, थांबला की हलवताय. बप्पी लाहिरी असेच गेले ना, असंही तुम्ही विचारलंय.

मी गेली २२ वर्षं मराठवाड्यात छातीचे आणि झोपेतल्या श्वसनाचे आजार बघतो. निदान झाल्यावर उपचार सुरू व्हायला महिना-दोन महिने जाणं माझ्या ओपीडीत नवीन नाही. या काळात घरच्यांना भीती असते एका गोष्टीची आणि घात होतो दुसऱ्याच गोष्टीने, हे मी वारंवार पाहिलंय. तुम्ही रात्रीची राखण करताय. राखण दिवसाची करायला हवी, आणि मशीनसाठी थांबायचा हा काळ जमेल तितका लहान करायला हवा. बाकी सगळं याच दोन गोष्टींभोवती आहे.

आधी रात्रीचं बोलू, कारण ती भीती उतरल्याशिवाय पुढचं काही डोक्यात शिरणार नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे येते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती आणि पोट धडपडत असतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, आणि मेंदू खडबडून उठवतो. माणूस पुरता जागा होत नाही, पण घशातून मोठा आवाज करून श्वास घेतो, कूस बदलतो, पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. एएचआय ४२ म्हणजे तासाला सरासरी ४२ वेळा श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा बराच कमी झाला. ५ च्या आत असेल तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. सात तासांच्या झोपेचा हिशेब केलात तर रात्रीतून जवळजवळ ३०० वेळा. ताई, त्या तीनशेपैकी तुम्ही वीस-पंचवीस वेळा हलवलं असेल. बाकीच्या वेळी त्यांना त्यांच्याच मेंदूने उठवलं. आणि रिपोर्ट यायच्या आधीही बहुधा कित्येक वर्षं तो रोज रात्री हेच करत आलाय.

हा आजार किरकोळ आहे, असं मी म्हणत नाही. स्पेनमध्ये पुरुषांचा सुमारे १० वर्षं पाठपुरावा करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीव्र आजार असून उपचार न घेतलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचं प्रमाण स्पष्टपणे जास्त दिसलं. सीपॅप वापरणाऱ्यांमध्ये ते कमी होतं. पण हे नुकसान वर्षांच्या हिशेबाने साठत जातं. एरवी हिंडत्या-फिरत्या माणसाला आजची रात्र कालच्या रात्रीहून जास्त धोक्याची झालेली नाही. बदललंय ते इतकंच, की आज तुमच्या हातात रिपोर्ट आहे. बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले, तेव्हा बातम्यांत स्लीप अप्नियाचं नाव आलं आणि पुढचे काही आठवडे माझ्याकडे घाबरलेल्या लोकांची रांग लागली. ते ६९ वर्षांचे होते, प्रकृतीच्या इतर अनेक तक्रारी होत्या, जवळजवळ महिनाभर रुग्णालयात राहून नुकतेच घरी आले होते. तुमच्या यजमानांची गोष्ट वेगळी आहे.

म्हणून पहिलं सांगणं तुम्हालाच: आज रात्रीपासून झोपा. त्यांना एकदा कुशीवर वळवा आणि झोपा. आवाजाने झोप लागत नसेल तर दुसऱ्या खोलीत झोपा, त्यात काही वावगं नाही. ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावून रात्रभर आकडे बघत बसू नका. ७४ दिसेल, ९५ दिसेल, पुन्हा ७८ दिसेल. हे स्लीप स्टडीने आधीच सांगितलंय. त्या आकड्यांवर मध्यरात्री करण्यासारखं काही नसतं. घरात दोघंही अर्धवट झोपलेले असतील, तर दिवसाची राखण करणार कोण?

काही लोकांनी मात्र ही पाच आठवड्यांची तारीख मान्यच करायची नसते. दिवसा, जागेपणी, शांत बसलेले असताना ऑक्सिजन ९४ च्या खाली राहतो. पायांवर सूज येते. सपाट झोपलं की दम लागतो. छातीत दुखतं, छातीचे ठोके मध्येच चुकतात, भोवळ येते. सकाळी डोकं जड असतं आणि माणूस हाक मारूनही नीट जागा होत नाही, गोंधळल्यासारखा बोलतो. आधीपासून हार्ट फेल्युअर किंवा सीओपीडी (फुप्फुसातल्या श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आहे. घरातली गरोदर बाई या आजाराची निघाली आहे. किंवा पुढच्या काही दिवसांत भूल देऊन ऑपरेशन ठरलंय. यातलं काहीही असेल तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना लगेच सांगायचं. अचानक छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, तर थेट इमर्जन्सीत जायचं. तुम्ही लिहिलेल्यात यातलं काही दिसत नाही, पण दिवसाचा ऑक्सिजन एकदा मोजून बघा. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात असेलच, नवीन सेल टाका. ज्या बोटाला लावाल ते गार नको, नखाला रंग नको.

कोविडमध्ये घेतलेली आणखी एक वस्तू पुष्कळ घरांत पडून आहे: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने आपल्या आईला व्हीलचेअरवर बसवून माझ्याकडे आणलं. वजन खूप, स्लीप अप्निया निघालेला, मशीन यायचं होतं. मुलाने विचार केला, रात्री ऑक्सिजन उतरतोय ना, मग आपल्याकडचा कॉन्सन्ट्रेटर लावू. आठवडाभर लावला. बोटावरचे आकडे सुंदर आले. आणि आई दिवसेंदिवस गुंगत चालली. आल्या तेव्हा वाक्य अर्धं सोडून डोळे मिटत होत्या. रक्ताची तपासणी केली तर कार्बन डायऑक्साइड भलताच चढलेला. घशाची वाट बंद असताना नाकात नुसता ऑक्सिजन सोडला तर वाट उघडत नाही. उलट मेंदूला खडबडून उठायचा जो इशारा मिळतो तो बोथट होतो आणि श्वास आणखी लांबतो. त्या मुलाने प्रेमाने केलं होतं, त्याला काय बोलणार? आईंना ॲडमिट करून बायपॅप या श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर ठेवलं, चार दिवसांत त्या पुन्हा नातवंडांच्या नावाने हाका मारायला लागल्या. तेव्हा ताई, घरात कॉन्सन्ट्रेटर असला तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो लावायचा नाही.

आता दिवसाचं. तुमच्या प्रश्नात "अधूनमधून गाडी चालवताना डुलकी येते, पण ते लगेच सावरतात" असं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. माझं सगळं लक्ष त्याच वाक्यावर अडकलं. रात्रीतून तीनशे वेळा झोपमोड झालेला माणूस दिवसा कितीही उत्साही दिसला तरी त्याचा मेंदू दोन-चार सेकंद झोप चोरत असतो. शंभरच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २८ मीटर पुढे जाते. चार सेकंदांत शंभर मीटरच्या वर. जालन्याहून समृद्धी महामार्ग हाताशी आहे, सरळ, रुंद, ना सिग्नल ना गर्दी. जागेपणा टिकवायला डोळ्यांना काहीतरी घडत राहावं लागतं, आणि तिथे काहीच घडत नाही. ताजातवाना माणूसही त्या रस्त्यावर पेंगतो.

माझे एक पेशंट होते, आडत व्यापारी. तारीख महिनाभरावर होती. मी गाडी चालवू नका म्हटलं तर हसले, "डॉक्टर, वीस वर्षं चालवतोय." तिसऱ्या आठवड्यात पहाटे परतताना उभ्या ट्रकला मागून धडकले. वाचले, पण मांडीचं हाड मोडलं, आणि बाजूला बसलेल्या भावाचा एक डोळा गेला. त्यानंतर मी हे सौम्य शब्दांत सांगणं सोडलं. स्टिअरिंगवर एकदा जरी डुलकी लागली असेल, तर उपचार सुरू होऊन झोप सुधारेपर्यंत गाडी चालवायची नाही. मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र यांनाही हेच लागू.

पोटापाण्याचा प्रश्न आहे, हे मला कळतं. फिरतीच्या माणसाला "गाडी बंद" म्हणणं म्हणजे नोकरी सोड म्हणण्यासारखं वाटतं. पण हे पाच-सहा आठवड्यांचं आहे. घरातला पुतण्या, भाचा, लायसन्स असलेलं कुणी महिनाभर सोबत जाऊ शकेल का? साहेबांशी बोलून महिनाभर ऑफिसातलं काम, फोनवरचं काम घेता येईल का? डॉक्टरांकडून चिठ्ठी मागा. "उपचार सुरू होईपर्यंत तात्पुरतं वाहन चालवणं टाळावं" एवढं एक वाक्य पुरतं, आजाराचा तपशील त्यात असायची गरज नाही. असं पत्र बघून माणुसकीने वागणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. आणि काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं यावर विसंबू नका. याने पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. अगदीच अडचणीत असाल तर गाडी सुरक्षित जागी उभी करून चहा-कॉफी घेऊन वीस मिनिटं झोपणं त्यातल्या त्यात बरं. पण तो त्या दिवशी घरी पोचण्यापुरता उपाय झाला, पाच आठवडे काढण्याचा नाही.

रात्री काय करता येईल, तर बरंच काही. पाठीवर झोपलं की जीभ सरळ मागे पडते, म्हणून बहुतेकांचे श्वास उताणं झोपल्यावर जास्त थांबतात. तुमच्या रिपोर्टमध्ये "सुपाइन" (उताणं) आणि "नॉन-सुपाइन" (इतर कुशीवर) असे दोन वेगळे आकडे असतील, ते बघा. सुपाइनचा आकडा दुप्पट किंवा त्याहून जास्त असेल तर कुशीवर झोपण्याने चांगला फरक पडतो. त्यासाठी जुना घट्ट बनियन घ्या, पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये एक खिसा शिवा आणि त्यात टेनिसचा चेंडू घाला. उताणं झालं की टोचतो, माणूस आपोआप वळतो. आमच्याकडच्या एका आजींनी चेंडूऐवजी जुन्या साडीचा घट्ट गुंडाळा शिवला होता, तोही छान चालला. चेंडू नको असेल तर पाठीशी लोड लावा.

पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा इंच वर घ्या. उशा वाढवू नका. उशांनी मान पुढे दुमडते आणि घसा आणखी अडतो. नाक चोंदत असेल तर झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा स्प्रे, आणि ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे सुरू करता येतो. पुढे मास्क लागणार आहे, त्यामुळे नाक मोकळं ठेवायची सवय आतापासून लागलेली बरी.

दारू या पाच आठवड्यांत पूर्ण बंद. तुम्ही लिहिलं नाही, तरी मी सगळ्यांनाच सांगतो. दारूने घशाचे स्नायू आणखी लुळे पडतात, श्वास जास्त वेळ थांबतो आणि मेंदूची उठवण्याची शक्ती मंदावते. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. रात्री नीट झोप झाली नाही असं वाटून कितीतरी लोक मेडिकलमधून अल्प्राझोलाम घेतात. हा आजार असताना ती गोळी स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही. वर्षानुवर्षं चालू असेल तर एकदम तोडायचीही नाही, डॉक्टरांना सांगून हळूहळू उतरवायची. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या यांबद्दलही विचारूनच. बीपीच्या गोळ्या मात्र एकही दिवस चुकवू नका. या आजाराने बीपी चढतं, विशेषतः सकाळी, आणि कधीकधी मशीन सुरू झाल्यावर गोळी कमी करता येते. कमी करायची का, ते आकडे बघून डॉक्टर ठरवतील.

आणि सात तास झोपू द्या. रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला फिरती, असं असेल तर अप्नियाच्या वर झोपेची उपासमार चढते.

वजनाबद्दल यजमान म्हणाले असतील, "आधी दहा किलो उतरवतो, मग मशीन लागणारच नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! वजन उतरवण्याचा फायदा खरा आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात वजन १० टक्के घटलं तर एएचआय साधारण २६ टक्क्यांनी घटतो असं दिसलं. पण हिशेब बघा. ९८ किलोचे १० टक्के म्हणजे जवळजवळ दहा किलो, आणि ४२ चे २६ टक्के उतरले तरी ३१ उरतात. अजून तीव्रच. पाच आठवड्यांत दोन-तीन किलो उतरले तरी मी पाठ थोपटीन. टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र अप्नियासाठी मान्यता दिली. पण ज्या अभ्यासांवर ती दिली ते वर्षभराचे होते. तेव्हा चालणं, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं, हे सुरू करा, आणि मशीनची तयारीही करा. वजन हे मशीन पुढे ढकलायचं कारण होऊ देऊ नका.

शंखाचंही लोक विचारतात, म्हणून दोन शब्द. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी मध्यम आजाराच्या ३० लोकांवर प्रयोग केला. काहींना सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज किमान १५ मिनिटं शंख फुंकायला लावला. त्यांचं दिवसा पेंगणं सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं आणि तासाला थांबणारे श्वास चार-पाचने घटले. मला ही बातमी मनापासून आवडली, देवघरातल्या शंखाला घशाचा व्यायाम म्हणून मान मिळाला. पण प्रयोग लहान आहे, आजार मध्यम होता आणि फरक चार-पाचचा आहे. तुमच्या घरात ४२ आहेत. फुंकायचा तर जरूर फुंका, फक्त बीपी आटोक्यात नसेल, काचबिंदू किंवा हर्निया असेल तर आधी विचारा.

आता मशीनसाठी थांबायचा हा काळ लहान कसा करायचा ते. मराठवाड्यात झोपेच्या लॅब मोजक्या, त्यात खाटा एक-दोन, म्हणून तारखा लांबतात. पण टायट्रेशनची रात्र लॅबमध्येच घालवली पाहिजे, असं प्रत्येकाचं नसतं. ज्यांना हार्ट फेल्युअर, फुप्फुसाचा मोठा आजार, मेंदूकडून श्वास थांबण्याचा प्रकार किंवा दिवसा ऑक्सिजन कमी असण्याचा त्रास नाही, त्यांना घरीच ऑटो सीपॅपवर उपचार सुरू करता येतात. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही मार्ग मान्य केले आहेत. हे मशीन ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाच्या मर्यादेत प्रत्येक श्वासाप्रमाणे स्वतःच दाब कमी-जास्त करतं आणि रोजच्या रात्रीची नोंद ठेवतं. मी माझ्याकडच्या पुष्कळ पेशंटांना आता असंच सुरू करून देतो.

म्हणून उद्या सकाळी ओपीडी सुरू होताच डॉक्टरांना फोन करा आणि हे स्पष्ट शब्दांत सांगा: "यांना गाडी चालवताना डुलकी लागते, नोकरी फिरतीची आहे. टायट्रेशनपर्यंत ऑटो सीपॅप भाड्याने घेऊन सुरू करता येईल का?" डुलकीची गोष्ट आधी सांगा. ती कळली की कुठलाही डॉक्टर तुमची केस वर घेईल. लॅबमध्ये जायचंच ठरलं तर तिथल्या टेक्निशियनला सांगून ठेवा, "कुणी रद्द केलं तर आम्हाला बोलवा." लग्नसराईत, सणावारांत लोक ऐनवेळी तारीख मोडतात. संभाजीनगर तुमच्यापासून साठेक किलोमीटर, फोन आला की निघता येतं. गाडी मात्र यजमानांनी चालवायची नाही!

पैशांचं बोलायचं तर अनेक पॉलिसींत सीपॅप "घरी वापरायचं उपकरण" म्हणून वगळलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला मिळालेला नकार नेहमीचा आहे. नकार लेखी मागा, त्यात कुठलं कलम लावलंय ते वाचा. यजमानांच्या कंपनीची सामूहिक पॉलिसी असेल तर तिथेही विचारा, तिचे नियम वेगळे असू शकतात. केंद्र सरकारी नोकर आणि पेन्शनरांना सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेतून पूर्वपरवानगीने मशीन मिळतं, हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. भाड्याचं मशीन हा मला मधला चांगला मार्ग वाटतो. महिना-दीड महिना वापरून मास्क कुठला जमतो ते कळतं, मग विकत घेताना चूक होत नाही. मास्क, नळी आणि फिल्टर मात्र स्वतःचं नवीन घ्या. कुणाचं वापरलेलं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घाईने घेऊ नका. जून २०२१ मध्ये आतला फोम झिजून कण श्वासात जाण्याच्या धोक्यामुळे जगभरातून लाखो मशिनं परत बोलावली गेली होती. त्यातलं एखादं फिरत फिरत तुमच्याकडे यायला नको. मॉडेल आणि सिरियल नंबर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

राहिले यजमान. "म्हातारा झालो" या वाक्यामागे बहुतेक वेळा लाज असते, आणि थोडी भीती. त्यांना एक सांगा. १९८१ पर्यंत या तीव्र आजारावर एकच खात्रीचा उपाय होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. मग सिडनीमधल्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर उलटी वापरून नाकावाटे हवेचा दाब दिला आणि माणूस रात्रभर शांत झोपला. आजचं मशीन त्याचंच रूप आहे, पुस्तकाएवढं, पंख्यापेक्षा कमी आवाजाचं. दाबाने घसा आतून उघडा धरला जातो, एवढंच. त्यात ऑक्सिजन नसतो, औषध नसतं.

मास्क आधी हातात मिळाला तर झोपेत लावायच्या आधी जागेपणी लावायची सवय करा. संध्याकाळी बातम्या बघताना पंधरा मिनिटं नुसता तोंडावर धरायचा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पट्टे लावायचे, मग मशीन जोडून. माझ्याकडे ज्यांचा मास्क कपाटात गेला, त्यातल्या पुष्कळांनी पहिल्याच रात्री तो थेट झोपताना लावलेला होता. यजमानांना भरघोस मिशी असेल तर ते आधीच सांगा. मिशीखालून हवा गळते, डोळ्यांत जाते आणि माणूस रात्री दोनला मास्क भिरकावतो. अशांना नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क जमतो, मिशी काढायची गरज पडत नाही. जालन्याच्या उन्हाळ्यात घसा कोरडा पडतो, म्हणून ह्युमिडिफायर हवा. लाईट गेली तर गुदमरेल का, हे सगळेच विचारतात. नाही. तोंडही झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, आणि नाकाच्या मास्कमध्ये माणूस तोंडाने श्वास घेतो आणि जागा होतो. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालतं. ह्युमिडिफायर बंद ठेवला तर एका पंख्याइतकी वीजही लागत नाही.

या दिवसांत एक वही करा. सकाळ-संध्याकाळचं बीपी, रविवारी वजन, आणि रविवारीच एपवर्थ प्रश्नावली, म्हणजे दिवसा किती पेंग येते ते मोजणारी. आठ प्रश्न असतात: बसून वाचताना, टीव्ही बघताना, दुपारी आडवं पडल्यावर डुलकी लागण्याची शक्यता किती, वगैरे. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची पेंग जास्त आहे असं समजायचं. त्यांनी भरल्यावर तुम्हीही त्यांच्याबद्दल वेगळी भरा. दोन आकड्यांत जेवढं अंतर, तेवढं त्यांना स्वतःच्या पेंगण्याचं भान कमी. मला ही दुसरी बेरीज नेहमी जास्त उपयोगी पडलीय. शिवाय झोपेतला त्यांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ एकदाच काढून ठेवा. श्वास थांबलेला आणि मग मोठ्याने सुरू झालेला त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसला, की "म्हातारा झालो" हे बोलणं बहुधा बंद होतं.

आणि लॅबच्या रात्री जायचंच झालं तर: त्या दिवशी दुपारी झोपू देऊ नका, दुपारनंतर चहा-कॉफी नको, जेवण लवकर. घरची उशी आणि नेहमीचे झोपायचे कपडे बरोबर घ्या. सगळ्या गोळ्यांची यादी आणि ती वही घ्या, रात्रीची बीपीची गोळी नेहमीच्या वेळी द्या. दाढी करून जा. सकाळी शाम्पूने केस धुवा आणि डोक्याला तेल लावू नका. तेलकट डोक्यावर तपासणीच्या तारा चिकटत नाहीत, आणि एवढी वाट पाहून मिळालेली रात्र टेक्निशियनने त्या पुन्हा पुन्हा चिकटवण्यात जाते.